फुलावाचून फळ : अमरकोशातला ‘वनस्पति’

वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘अपुष्प वनस्पती’ या नावाखाली नेचे, हरिता आणि शेवाळी येतात. हेच दोन शब्द सुश्रुतसंहिता मुखोद्गत असलेल्या वैद्याला ऐकवले असते, तर तो आपल्याला उंबराखाली घेऊन गेला असता. शब्द तेच, क्रमही तोच, आणि बोट मात्र भलत्याच झाडाकडे. या अंतराचा माग काढण्यासाठी अमरकोशातल्या मोजक्या ओळी एकेक करून वाचायच्या आहेत.

अमरसिंहाचा काळ अभ्यासक साधारणपणे इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यान धरतात. त्याच्या ग्रंथाचे खरे नाव ‘नामलिङ्गानुशासन’. पाठशाळेतली मुले तो अर्थ कळायच्या आधीच पाठ करत, त्यामुळे त्यातले शब्द डोक्यात आधी बसत आणि वस्तू पुढे कधीतरी भेटे. दुसऱ्या कांडातला वनौषधिवर्ग रान, बाग, उपवन यांच्या नावांनी सुरू होतो आणि झाडाला तेरा पर्याय देतो. इथवर सगळे कोशाच्या रीतीचे आहे: एक वस्तू, अनेक नावे. तेराव्या नावानंतर मात्र अमर रीत बदलतो. पर्याय थांबतात आणि व्याख्या सुरू होतात. आपले भाष्य याच ठिकाणी सुरू होते.

पहिला चरण : ज्याला फुलापासून फळ येते, तो ‘वानस्पत्य’

शब्द घडला कसा, ते आधी पाहू. ‘पति’ ज्याच्या शेवटी आहे अशा शब्दाला ‘ण्य’ प्रत्यय लागतो, असे पाणिनीने चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात सांगितले आहे. प्रजापतीवरून प्राजापत्य, बृहस्पतीवरून बार्हस्पत्य, तसा वनस्पतीवरून वानस्पत्य. म्हणजे रूपाने हा शब्द ‘वनस्पति’चे अपत्य आहे. तरीही अमर अपत्य आधी सांगतो आणि बाप नंतर. छंदाची सोय हे त्याचे कारण असेल. दुसरेही एक कारण मला दिसते. आंबा, जांभूळ, चिंच अशी आपण रोज पाहतो ती बहुतेक झाडे वानस्पत्यच आहेत. आधी नियम सांगितला की अपवाद दोन शब्दांत सांगता येतो, आणि पुढच्या चरणात अमर नेमके तेच करतो.

वेदांत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे वानस्पत्य म्हणजे झाडापासून झालेले, लाकडी. यजुर्वेदात यज्ञातल्या उखळीला हे विशेषण लावले आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातल्या दुंदुभिसूक्तात नगाऱ्याला वानस्पत्य म्हटले आहे, कारण त्याचा सांगाडा लाकडाचा आणि वर मढवलेले कातडे गाईचे. त्याच वेदाच्या आठव्या कांडात मात्र वनस्पति, वानस्पत्य, ओषधि आणि वीरुध् ही चार नावे एका ओळीत शेजारी उभी आहेत. तिथे लाकडी भांड्याचा अर्थ बसत नाही, चार प्रकारचे हिरवे जीव एवढाच अर्थ लागतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जमिनीतून उगवणाऱ्यांचे जे चार वर्ग सांगितले आहेत, तेही हेच चार. नावे वेदातून आली आणि त्यांच्या व्याख्या वैद्यांनी घट्ट केल्या, असा या शब्दांचा प्रवास मला दिसतो.

सुश्रुत वानस्पत्य हा शब्द घेतच नाही. फूल आणि फळ दोन्ही असलेल्या झाडाला तो सरळ ‘वृक्ष’ म्हणतो, आणि मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही तसेच आहे. म्हणजे एकाच वर्गाला दोन पारिभाषिक नावे होती. मराठीत ‘वृक्ष’ टिकला. वानस्पत्य कोशातच राहिला.

दुसरा चरण : फुलावाचून ज्याला फळ येते, तो ‘वनस्पति’

या ओळींचा जीव या चरणात आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

वनस्पति म्हणजे वनाचा स्वामी, हे कोणीही सांगेल. पण मध्ये ‘स्’ कुठून आला? वैयाकरण तो आगम मानतात. आधुनिक भाषाशास्त्र वेगळे सांगते: ‘वन्’ असा एक जुना शब्द होता, त्याची षष्ठी ‘वनस्’, आणि ती समासात जशीच्या तशी गोठून राहिली. या मताला स्वरांचा आधार आहे. संस्कृत समासाला सहसा एकच उदात्त स्वर असतो, पण वनस्पति या शब्दात दोन्ही पदे आपापला उदात्त राखून आहेत. पाणिनीच्या सहाव्या अध्यायात अशा शब्दांसाठी स्वतंत्र सूत्र आहे, आणि त्या गणाला नावच वनस्पतीचे आहे. दोन पदे पुरती एकजीव झालेली नाहीत, याची खूण उच्चारातच राहिली.

ऋग्वेदात हा शब्द मोठ्या झाडाला, आणि झाड तोडून घडवलेल्या यज्ञस्तंभालाही लावला आहे. तिसऱ्या मंडलातले आठवे सूक्त यूपाला, म्हणजे याच यज्ञस्तंभाला, उद्देशून आहे आणि त्यात त्याला वनस्पति म्हणून हाक मारली आहे. तिथे फुलाचा प्रश्न नाही. उंची, सरळपणा आणि पावित्र्य एवढेच त्या हाकेत आहे.

मग ‘रानाचा राजा’ हा शब्द ‘फुलावाचून फळणारा’ या अर्थाला कसा आला? माझे उत्तर असे. वड, पिंपळ, उंबर, पायर ही आपल्या देशातली सर्वांत पूज्य आणि विस्ताराने अफाट झाडे आहेत. वनस्पति हे मानाचे नाव त्यांच्याकडे जाणे स्वाभाविक होते. पुढे वैद्यांना वर्गासाठी लक्षण हवे होते, आणि या सगळ्यांत समान असलेले, इतर झाडांत न आढळणारे एकच लक्षण डोळ्यांना दिसत होते: फूल दिसत नाही, फळ मात्र लगडते. मान ज्यांना मिळाला होता, त्यांचेच लक्षण शब्दाची व्याख्या होऊन बसले. टीकाकारांच्या परंपरेत वनस्पतीचे उदाहरण म्हणून उंबर येतो, आणि त्याच्या जोडीला फणसही.

आता चरणाची रचना पाहा. अमर ‘या झाडाला फूल नसते’ असे म्हणत नाही. तो फूल पंचमी विभक्तीत ठेवतो आणि तिला नकार जोडतो. विधान फळाच्या उगमाबद्दल आहे: फळ येते, पण फुलापासून नाही. चरक त्याहून सावध आहे. त्याच्या व्याख्येत वनस्पति फळांवरून ओळखायचा आणि वानस्पत्य फुला-फळांवरून, एवढेच येते. फुलाचा अभाव तो शब्दात सांगत नाही. सुश्रुत आणि मनुस्मृती मात्र ‘अपुष्प’ हे विशेषण थेट झाडालाच लावतात. तीन ठिकाणी तीन छटा आहेत, आणि मला चरकाची सर्वांत मोलाची वाटते, कारण जे दिसले तेवढेच त्याने लिहिले.

हे पारखायचे तर उंबराचे एक हिरवे फळ ब्लेडने उभे कापावे आणि भिंगाखाली धरावे. ज्याला आपण फळ म्हणतो ती एक बंद कुपी आहे. तिच्या आतल्या भिंतीवर शेकड्यांनी बारीक फुले दाटलेली असतात: मादी फुले, कीटकांची अंडी पोसणारी फुले, आणि टोकाच्या छिद्राजवळ नर फुले. मराठी वनस्पतिशास्त्रात या फुलोऱ्याला ‘कुंभासनी’ म्हणतात आणि हे नाव अतिशय नेमके आहे: कुंभात बसलेला. टोकाच्या बारीक छिद्रातून गांधीलमाशीच्या जातकुळीतली एक इवलीशी मादी आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. अंगावरचा पराग ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची नर पिल्ले बिनपंखी असतात. ती आधी बाहेर पडतात, माद्यांशी जुगतात आणि भिंतीला भोक पाडून त्यांना वाट करून देतात. पराग माखलेल्या माद्या उडून दुसरे उंबर गाठतात आणि मागे राहिलेली कुपी पिकून लाल होते. जगभर साडेसातशेहून अधिक जातींची वड-उंबराची भावंडे आहेत, आणि त्या सगळ्यांचा फुलोरा असाच बंद कुपीत दडलेला असतो.

तेव्हा अमर चुकला का? फूल आहे, म्हणून व्याख्या खोटी, असे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. एक गोष्ट लक्षात घ्या. उंबर आणि फणस वरून पाहता एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. एकाचे फळ सुपारीपेक्षा जरा मोठे, दुसऱ्याचे उचलायला दोन हात लागतात. तरी जुन्या टीकाकारांनी दोघांना एका वर्गात बसवले, आणि आजचे शास्त्रही दोघांना एकाच कुलात, मोरेसी म्हणजे वट कुलात, ठेवते. कारण त्यांनी दिले ते अपुरे होते, पण गट खरा होता. एवढी अचूक नजर केवळ पुस्तके वाचून येत नाही.

ही नजर नुसत्या पंडितांची नव्हती, याची साक्ष मराठीत आहे. फार दिवसांनी दर्शन देणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला रात्री फूल येते आणि ज्याला दिसते त्याचे भाग्य उजळते, ही समजूत गावोगाव आहे. या वाक्प्रचारातले पहिले गृहीत नीट ऐकावे: फूल आहे, फक्त दिसत नाही. संस्कृत व्याख्येत ‘फुलावाचून’ असे येते. मराठी बोलीने ते ‘फूल दडलेले’ असे सुधारून घेतले. आणि झाकलेली गोष्ट मुद्दाम उघडी पाडण्याला म्हणतात ‘उंबर फोडून केंबरे काढणे’. केंबरे म्हणजे त्या कुपीतले तेच चिमुकले कीटक. तुकोबांच्या गाथेतही उंबरातल्या किड्याला ते फळच सगळे ब्रह्मांड वाटते. फुलाचे आणि कीटकाचे नाते कोणी सांगितलेले नव्हते, पण दोघांचे घर एकच हे भाषेला ठाऊक होते.

फणसाची साक्ष अवधीत सापडते. तुलसीदासांच्या रामचरितमानसात, लंकाकांडात, राम रावणाला माणसांचे तीन प्रकार सांगतो आणि तीन झाडांची उपमा देतो: पाटल, आंबा, फणस. एकाला नुसते फूल, दुसऱ्याला फूल नि फळ, तिसऱ्याला नुसते फळ. बोलणारे, बोलून करणारे, आणि न बोलता करणारे. वनस्पति आणि वानस्पत्य हा भेद पोथीबाहेर लोकांच्या मनात किती जिवंत होता, हे यावरून दिसते. पारिभाषिक नावे न घेताही श्रोत्यांना उपमा कळत होती.

मराठीत मग ‘वनस्पती’ सगळ्यांचीच झाली. गवतापासून देवदारापर्यंत सारे तिच्यात आले, शास्त्राचे नावही तिच्यावरून पडले, आणि शेंगदाण्याच्या तेलापासून केलेले तूपही बाजारात ‘वनस्पती’ म्हणून विकले गेले. ‘सपुष्प वनस्पती’ हा शब्दप्रयोग आज कोणालाच खटकत नाही. अमराच्या मोजमापाने त्यात दोन पदे एकमेकांना खोडतात. अर्थ रुंदावणे हा भाषेचा हक्कच आहे. माझे दुःख एवढेच की रुंदावताना आपण एक शब्द गमावला. ज्या झाडाचे फूल फळाच्या आत असते, त्याला एका शब्दात काय म्हणावे? आज आपल्याकडे तो शब्द नाही.

तिसरा चरण : फळ पिकले की जिचा अंत होतो, ती ‘ओषधि’

अमर इथे लिंगही बदलतो: वनस्पति पुल्लिंगी, ओषधि स्त्रीलिंगी. टीकाकार भात आणि जव यांची उदाहरणे देतात. व्याख्या आयुष्याच्या घडणीवर बेतलेली आहे, उंचीवर नाही, आणि म्हणून ती वाटते त्याहून दूर पोचते. केळ एकदा घड टाकते आणि ते खोड संपते. बांबू अनेक वर्षे नुसता वाढतो, एकदा फुलतो आणि वाळतो. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदा निळी-जांभळी होते, बी धरते आणि मरते; तिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती उभ्या राहतात. काटेकोर वाचले तर ही सगळी ओषधिच, मग त्यांपैकी एकही वैद्याच्या बटव्यात नसली तरी.

औषध हा शब्द ओषधीवरून आला, ओषधि औषधावरून नव्हे. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात यासाठी सूत्र आहे: जात सांगायची नसेल तेव्हा ओषधीचे औषध होते. शेतात उभी ती ओषधि, वाटीत कुटून आले ते औषध. आज बागांच्या पाट्यांवर ‘औषधी वनस्पती’ असे लिहिलेले असते. जुन्या अर्थाने एकच रोप ओषधि आणि वनस्पति दोन्ही असू शकत नाही, कारण एक फळताच मरते आणि दुसरे शतकभर फळत राहते. पाटी चूक नाही. तिच्यातल्या दोन्ही शब्दांनी आपली मूळची घरे सोडली आहेत, एवढेच.

चौथा चरण आणि त्याच्या पुढचा : फळणारे आणि न फळणारे

वेळच्या वेळी फळ धरणाऱ्या झाडाला अमर ‘फलेग्रहि’ म्हणतो. हा शब्द पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात तयार स्थितीतच दिलेला आहे, आणि त्याच सूत्रात त्याचा सोबती आहे ‘आत्मंभरि’, आपलेच पोट भरणारा. दोघांना एका सूत्रात बसवले ते प्रत्ययाच्या कारणाने. पण फळ धरणारा आणि स्वतःला भरणारा शेजारी पाहिले की वाचणारा क्षणभर थबकतो.

न फळणाऱ्या झाडासाठी ‘वन्ध्य’ आहे, ज्याचे आपले ‘वांझ’ झाले, आणि एक विलक्षण शब्द आहे: ‘अवकेशी’. त्यात केस ऐकू येतात. अवकेश म्हणजे केस खाली ओघळलेला. लगेच पुढे उमललेल्या झाडाच्या शब्दांत ‘विकच’ येतो, त्यातही कच म्हणजे केस. वांझ झाडाचे केस ओघळलेले, फुललेल्याचे मोकळे पसरलेले. झाडाच्या फुलोऱ्याकडे केशसंभार म्हणून पाहण्याची एक जुनी सवय या दोन शब्दांत शिल्लक असावी, असे माझे वाचन आहे.

उमलण्याची ओळ

इथे अमर पुन्हा पर्यायांकडे वळतो आणि आठ शब्द ओततो. ‘फुल्ल’ प्राकृतातून आपले ‘फूल’ झाला. संस्कृतात तो उमललेल्या झाडाचे विशेषण होता, वस्तूचे नाव नव्हता. ‘स्फुट’चे नाते ‘फुटणे’शी आहे, म्हणून पालवी आजही फुटते. बाकीचे कवींच्या कामाचे.

स्थाणूची आणि क्षुपाची ओळ

फांद्या गेलेले नुसते खोड म्हणजे ‘स्थाणु’, आपला खुंट. शंकराचेही हे नाव आहे. ज्याच्या फांद्या आणि मुळे आखूड, तो ‘क्षुप’. झुडपाची व्याख्या मुळांनाही मोजून करणारा हा चरण मला आवडतो. जमिनीवरचे पाहून कोणीही बोलेल, इथे कोणीतरी ते उपटून पाहिले आहे.

खोड नसलेल्यांची ओळ

ज्याला ‘प्रकाण्ड’ नाही, तो ‘स्तम्ब’ किंवा ‘गुल्म’. प्रकाण्ड म्हणजे मुळापासून पहिल्या फांदीपर्यंतचे खोड, असे अमर पुढे स्वतःच सांगतो. पहिल्या कांडात मात्र हाच शब्द त्याने प्रशंसेच्या शब्दांत घेतला आहे: संस्कृतात उत्तम गाईला गोप्रकाण्ड म्हणतात. मराठीने तो पुढे आणून ‘प्रकांड पंडित’ केला. अंगाखांद्यावर फांद्या तोलणारे खोड विद्वत्तेचे माप झाले, यात मला मोठी कल्पकता दिसते.

वेलींच्या चरणातली ‘वल्ली’ म्हणजे आपली ‘वेल’. पसरत जाणारी ती ‘वीरुध्’, आणि अथर्ववेदातल्या चौकडीचे चौथे नाव असे इथे जागेवर येते.

शेवटची ओळ : फांदीचे मूळ, ‘अवरोह’

उंचीचे आणि स्कंधाचे शब्द ओलांडले की अमर ‘शिफा’ म्हणजे जटेसारखे मूळ सांगतो, आणि मग फांदीला फुटलेल्या मुळाला ‘अवरोह’ म्हणतो. अवरोह म्हणजे खाली उतरणे. ही आपली पारंबी. वडाचे ‘न्यग्रोध’ हे नावही याच दिशेचे: खाली वाढणारा.

अमराने ही व्याख्या प्रकाण्डाच्या व्याख्येपाठोपाठ ठेवली आहे, आणि वडापाशी दोन्ही एकमेकींना भिडतात. प्रकाण्ड मुळापासून फांदीपर्यंत मोजायचे. जुन्या वडाची पारंबी फांदीपासून निघते, जमिनीला टेकते, मूळ धरते, जाड होते आणि शेवटी तीच फांदीला खालून पेलते. मधले पहिले खोड कुजून गेले तरी झाड उभेच असते. त्याच्याखाली उभे राहून अमराची दोरी लावायची तर एक टोक जमिनीवर कुठे धरायचे, हे आधी ठरवावे लागते. कारण तिथे मूळ फांदीच्या आधीचे नाही, नंतरचे आहे.